रोजच्या उताराची गाडी

गाडीवरची ताडपत्री ओढून काढली तेव्हा बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. खिडकी उघडी होती. आवाज त्यांच्या कानावर गेला असणार, पण ते उठले नाहीत. पान उलटल्याचा आवाज तेवढा नेहमीपेक्षा मोठा आला.

चिमी ताडपत्रीचं टोक धरून तशीच उभी राहिली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली माणसं होती, तिथे तिला सगळे मॅडम म्हणत. घरात मात्र लग्नाचं वय उलटत आलं तरी ती चिमीच होती.

“बघत काय बसलीस?” आई पायरीवर बसून म्हणाली. तिचा डावा पाय सरळ पुढे पसरलेला होता. तो पाय गुडघ्यात वाकत नसे. “दार उघड की. आत साप नाहीये.”

आत साप नव्हता, उंदरांचं बिऱ्हाड होतं. पुढची सीट बाकासारखी एकसंध होती, तिच्यातला काथ्या ओढून त्यांनी मागे गादी केली होती. गाडी चार दारांची, लांबलचक, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्याच खाली. रंग एके काळी दुधाळ हिरवा होता. उजवा दिवा जागेवर होता, डावा नव्हता. त्या बाजूचं मडगार्ड आत चेपलेलं होतं, आणि त्या चेपेकडे या घरात कुणी सरळ बघत नसे.

घर टेकडीवर होतं. खाली मोठ्या रस्त्याला लागायचं तर एकच उतार, आणि उताराच्या पायथ्याशी लाकडाच्या वखारीची भिंत. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी गाडी त्या भिंतीवर घातली. आईच्या गुडघ्याचा चुरा झाला. बाबा म्हणाले, ब्रेक लागला नाही. मामा म्हणाला, दाजींना डुलकी लागली, आदल्या रात्री ते जागे होते. आईला विचारलं तर ती म्हणायची, “मीच झोपले होते, मला काय विचारता?” चिमी तेव्हा हॉस्टेलवर होती. तिने कुणालाच काही विचारलं नाही. मनातल्या मनात मात्र तिने मामाचं म्हणणं खरं धरलं होतं, आणि बाबांना ते कळलं होतं. त्यानंतर बाबा कधी गाडीत बसले नाहीत. कुठे जायचं तर टेकडीच्या पायऱ्या उतरत आणि पायऱ्याच चढून येत.

आता प्रयोगशाळा गावाबाहेर नव्या इमारतीत गेली होती आणि तिकडे बस जात नव्हती. आईला पायाच्या व्यायामासाठी एक दिवसाआड दवाखान्यात न्यायचं होतं, ती रिक्षात चढताना दर वेळी कळवळत असे. पुढची एकसंध सीट पाहून आईनेच विषय काढला होता, “या गाडीत मला पाय पसरून बसता येईल. दारात हत्ती बांधून ठेवलाय आणि मी रिक्षात कोंबडीसारखी जातेय.”

“भंगारात द्या,” बाबा एवढंच म्हणाले होते. दुसऱ्यांदा विषय निघाला तेव्हा ते ताटावरून उठले. तिसऱ्यांदा आईने त्यांना विचारलंच नाही.

टेकडीवरच, दोन गल्ल्या सोडून, मिस्त्रीचं गॅरेज होतं. गाडी ढकलत तिथवर नेली. मिस्त्री बोलका माणूस होता. त्याने बॉनेट उघडलं, आत वाकला आणि म्हणाला, “मॅडम, इंजिन ठणठणीत आहे. बाकी सगळं आजारी आहे. शोभेला ठेवायची की चालवायची?”

“रोज चालवायची.”

“मग वेळ लागेल. शोभेची लवकर होते.”

पेट्रोलची टाकी उतरवली तर आत डिंकासारखा थर होता. कार्बोरेटर उकळून काढावा लागला. उंदरांनी खाल्लेल्या वायरी सगळ्या बदलल्या. चिमी सुटीच्या दिवशी जाऊन बसायची आणि नट रॉकेलमध्ये धुवायची. तिच्या नखांतलं काळं जात नसे, आणि जेवताना बाबा तिच्या बोटांकडे बघत, मग भिंतीकडे बघत. घरात भांड्यांचे आवाज वाढले. आई आणि बाबा एकमेकांशी चिमीमार्फत बोलू लागले. “तुझ्या वडलांना सांग, पाणी गेलंय.” “आईला सांग, मी भरून ठेवलंय.”

ब्रेकचं काम मिस्त्रीने शेवटी ठेवलं होतं. “उद्या ड्रम उघडतो,” तो म्हणाला, आणि चिमीच्या हातातला नट रॉकेलमध्ये पडला. हे तिच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. ब्रेक उघडले म्हणजे आत काय झालं होतं ते दिसणार. पाइप तुटलेला असेल तर बाबा खरे. धडधाकट असेल तर?

तिने घरी काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती गॅरेजात पोचली तेव्हा बाबा तिथे उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. आयुष्यभर कारखान्याच्या नकाशांच्या खोलीत पट्टी-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस, कुठलीही रेघ तपासताना असाच उभा राहायचा. ब्रेकचा दिवस त्यांना कसा कळला, हे तिने विचारलं नाही.

मिस्त्रीने चाकं काढली. ड्रम हातोडीने ठोकून ठोकून सुटे केले. मग तो बॅटरी घेऊन गाडीखाली सरकला. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. एरवी गाडीखालूनही त्याची टकळी चालू असायची. आज तोही गप्प होता, कारण सगळ्या टेकडीला ती गोष्ट माहीत होती.

तो बाहेर आला. हातात पाइपाचा तुकडा होता, गंजून पापडासारखा झालेला.

“तुटलाय,” चिमी घाईने म्हणाली.

“तुटलाय, पण…” मिस्त्रीने तुकडा बोटांत दाबला. त्याचा भुगा झाला. “सगळा पाइपच असा आहे. इतकी वर्षं ओलीत उभी होती. केव्हा तुटला, ते मी कसं सांगू? तेव्हा तुटला असेल. नंतरही तुटला असेल.”

बाबांनी मान हलवली. खिशातून रुमाल काढून त्यांनी हात पुसले. खरं तर त्यांनी कशालाच हात लावला नव्हता. “बरं,” ते म्हणाले आणि घरी निघून गेले. त्यांच्या पाठीकडे बघून चिमीला ओरडावंसं वाटलं. काय ओरडायचं, ते मात्र सुचलं नाही.

पाइप नवे आले. चाकांजवळच्या रबरी नळ्या या जुन्या गाडीला कुठे मिळेनात. मिस्त्रीने एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून पाकीटबंद शोधून आणल्या. काळ्या कुळकुळीत, न वापरलेल्या. चेपलेलं मडगार्ड सरळ झालं, डावा दिवा लागला, पुढच्या सीटला पट्टे बसले. टेकडीवरच्या सपाट गल्ल्यांतून चिमी गाडी फिरवू लागली. ब्रेक चांगला लागत होता. उरला फक्त उतार.

“मी बसतो बरोबर,” मिस्त्री म्हणाला.

“नको,” गॅरेजच्या दारातून बाबा म्हणाले. “मी बसतो.”

ते शेजारी बसले, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले. गाडी वळली आणि पुढे रस्ता एकदम खाली गेला. एका बाजूला टेकडी धरून ठेवणारी दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला घरं. चिमीने हलकेच ब्रेक दाबला. गाडी आज्ञाधारकपणे हळू झाली. तिचा श्वास सुटला.

“गिअर दुसरा ठेव,” बाबा म्हणाले.

“ब्रेक लागतोय, बाबा.”

“लागतोय ना. तरी ठेव.”

तिने ठेवला नाही. लहान मुलीसारखं वागवतात, असं वाटून तिने गाडी तिसऱ्यातच राहू दिली. अर्धा उतार झाला असेल-नसेल, खाली वखारीच्या फाटकातून ओंडक्यांनी भरलेला ट्रक मागे मागे येत रस्त्यात आडवा आला. चिमीने ब्रेक दाबला, या वेळी जोरात. बॉनेटखाली कुठेतरी फट् असा आवाज झाला आणि पॅडल तिच्या पायाखालून निघून गेलं. खाली, थेट पत्र्याला टेकलं. पायरी समजून अंधारात पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं.

“बाबा!”

“पंप कर.”

तिने दाबलं, सोडलं, दाबलं. काहीच नव्हतं. गाडी वेग घेऊ लागली.

“सोड तो. गिअर. दुसरा टाक.” बाबांचा आवाज अगदी साधा होता. तिने दांडा ओढला, गिअरबॉक्स दात खाल्ल्यासारखा करकरला आणि एकदाचा बसला. इंजिन किंचाळलं. गाडीला मागून कुणीतरी धरल्यासारखं झालं. डॅशबोर्डखालचा हँडब्रेकचा दांडा बाबांनी आधीच हातात घेतला होता. ते तो एकदम ओढत नव्हते. थोडा ओढत, थोडा सोडत, परत ओढत. “भिंतीकडे घे. भिंतीकडे. घासू दे.”

“रंग…”

“मरू दे रंग! घे!”

तिने स्टिअरिंग फिरवलं. दगडाला पत्रा घासला आणि असा आवाज झाला की तिचे डोळे आपोआप मिटले. “डोळे उघड,” बाबा म्हणाले. त्यांना कसं कळलं, देव जाणे. तिने उघडले. ट्रक समोर मोठा मोठा होत होता. “आता पहिला.” दांडा पहिल्यात बसला. गाडीने गचका खाल्ला, बाबांनी हँडब्रेक पूर्ण ओढला, आणि गाडी भिंतीला टेकून उभी राहिली. ओंडक्यांना लावलेलं लाल फडकं काचेसमोर हलत होतं.

ट्रकवाला उडी मारून खाली आला. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता, म्हणून तो जास्तच जोरात ओरडला. “झोपला होतात काय हो?”

बाबांच्या तोंडून विचित्र आवाज आला. चिमीला वाटलं, त्यांना काही होतंय. मग कळलं, ते हसत होते. हसता हसता त्यांचे खांदे थरथरू लागले आणि हसणं केव्हा संपलं ते समजलं नाही. दांड्यावरची त्यांची मूठ सुटेना. चिमीने एकेक बोट सोडवलं.

“तेव्हाही असंच झालं होतं ना?” तिने विचारलं. “पाय असाच खाली गेला होता ना, बाबा?”

त्यांनी आधी पट्टा सोडला.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “इतक्या वेळा सांगितलं सगळ्यांना, की आता सांगितलेलंच आठवतं. पहिल्या वर्षी मला खात्री होती. मग एकदा मनात आलं, खरंच डुलकी लागली असेल तर? तेव्हापासून पायाला काय लागलं होतं ते आठवतच नाही. म्हणून म्हणत होतो भंगारात द्या. उघडली आणि सगळं धडधाकट निघालं असतं, तर तुझ्या आईसमोर कसा बसलो असतो?”

चिमीने त्यांचा हात धरून ठेवला. हात थंडगार होता.

मिस्त्री धावत खाली आला तेव्हा त्याच्या पायात एकच चप्पल होती. गाडीखाली पाहून तो बाहेर आला आणि कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या चाकाची रबरी नळी फुटली होती. पाकिटातून नवी निघाली, तरी माळ्यावर पडून पडून तिचं रबर आतून मेलं होतं. “चूक माझी,” तो म्हणाला. “तारीख बघायला हवी होती.” त्याने सबब सांगितली नाही, म्हणून चिमीचा राग गिळला गेला.

बातमी मामापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो पुढच्या सुटीला मिठाईचा पुडा घेऊन आला. बसल्या बसल्या म्हणाला, “दाजी, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. आता पटलं. ब्रेकच गेला होता. माफ करा.”

आईचा हात पुड्याच्या दोरीवर थांबला. चिमीने बाबांकडे बघितलं. एवढंच तर हवं होतं सगळ्यांना. बाबांनी नुसती मान डोलवली असती तर विषय कायमचा मिटला असता.

“नको,” बाबा म्हणाले.

“काय नको?”

“माफी नको. परवाची नळी परवा फुटली. तेव्हाचं मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. झोपलो असेन, नसेन.” ते आईकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते थेट तिच्याशी बोलत होते. “मला खरंच माहीत नाही गं.”

मामाने घसा खाकरला आणि उगाच पंख्याकडे बघितलं. आईचा चेहरा लाल झाला होता. रडेल, की ताडकन उठून जाईल, चिमीला अंदाज येईना.

“अकरा वर्षं मी या माणसाबरोबर एका घरात राहतेय,” आई शेवटी म्हणाली. “ते मला माहीत नाही असं वाटलं होतं का? झोपेत बरळता तुम्ही. कधी ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणता, कधी ‘डोळा लागला’ म्हणता.” तिने दोरी सोडवली. “गुडघा माझा गेला. मी विचारलं का कधी? मग आता गाडी दुरुस्त करायची की नाही, तेवढं बोला.”

“या वेळी मी बघणार,” बाबा म्हणाले.

आणि त्यांनी बघितलं. मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून बघितलं, इतकं की तो चिमीजवळ रडकुंडीला आला. एका नळीवर सगळा भार नको म्हणून बाबांनी कागदावर रेघा काढून दाखवल्या. पुढच्या चाकांचा ब्रेक वेगळा, मागच्यांचा वेगळा, एक गेला तरी दुसरा राहील. मिस्त्रीने दुसऱ्या गाडीच्या ब्रेकचा दुहेरी सिलिंडर आणून तो जमवून दिला. नळ्या ताज्या बनवून घेतल्या, ताणून आणि दाबून तपासल्या. भिंतीला घासलेली बाजू मात्र तशीच राहिली. आई म्हणाली, रंग पुढे कधीतरी.

पहिल्या दिवशी आई पुढे पाय पसरून बसली, बाबा मागे. उताराच्या तोंडाशी चिमीने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. कुणी सांगावं लागलं नाही. ब्रेक लागला. परत दाबला, परत लागला. तरी तिच्या तळव्यांना घाम होता, आणि आरशात बाबांचा चेहरा दगडासारखा दिसत होता. आई खिडकीबाहेर बघत वखारवाल्यांच्या नव्या पाटीतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होती. तिचा आवाज जरा जास्तच मोठा होता.

दोघांना दवाखान्यापाशी सोडून चिमी पुढे गेली. प्रयोगशाळेच्या फाटकावर वॉचमनने गाडीभोवती एक फेरी मारली, ओरखडे पाहिले, लांबी पाहिली. दोन गाड्यांची जागा जाणार, हे त्याच्या लक्षात आलं.

“मॅडम, ही रोज आणणार?”

“रोज,” चिमी म्हणाली, आणि हँडब्रेक ओढून चावी काढली. इंजिन बंद झाल्यावरही तिचा पाय जरा वेळ ब्रेकवरच होता.