बारावं रीळ

रागीट म्हणून मला सगळी नवी पेठ ओळखायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण माझं कामच तसलं होतं बघा. त्र्याहत्तर साली एकाच पिक्चरची एकच प्रिंट सोलापुरात दोन टॉकीजला चालायची. रत्नकला टॉकीजचा खेळ तीनला, स्टेशनकडच्या नवरंजनचा पावणेचारला. इकडं रीळ संपलं की ते पत्र्याच्या पेटीत घालायचं, पेटी सायकलच्या कॅरेजला बांधायची आणि भर उन्हात तिकडं पोचवायची. वाटेत गाढव आडवं येवो नाहीतर वरात, थांबायचं नाही. शिव्या दिल्याशिवाय वाट मिळते होय? तर तो मी, सिद्धप्पा पेटीवाला.

त्या उन्हाळ्यात सूडाचा एक पिक्चर लागला होता. शहरातले गुंड हिरोच्या भावाला मारतात, पोलीस दाद देत नाहीत, मग हिरो म्हणतो, माझा न्याय मीच करणार. चौदा रिळांचा पिक्चर. त्यातली तेरा मला तोंडपाठ होती. बारावं मात्र मी कधीच बघितलं नव्हतं. अकरावं घेऊन मी नवरंजनला निघायचो तेव्हा रत्नकलात बारावं चालू व्हायचं. परत यायचो तोवर तिथं तेरावं. आणि नवरंजनात बारावं लागायचं तेव्हा मी शेवटची रिळं आणायला पुन्हा रस्त्यावर.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं की कुणाला तरी. वा रे वा! अख्खा पिक्चर ज्याच्या कॅरेजवर हिंडतो, त्यानं पिटातल्या पब्लिकला विचारायचं, बाबांनो, पुढं काय होतं? मेलो असतो तरी विचारलं नसतं. आणि अडलं होतं कुठं? अकराव्या रिळात हिरोला कळतं, भावाच्या प्रेताशेजारी सापडलेला पान्हा एका गॅरेजवाल्याचा आहे. तो दातओठ खात त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो. तेराव्यात बघावं तर गॅरेजवाल्याच्या हाताला हे एवढं प्लास्टर, आणि तोच हिरोच्या शेजारी बसून गुंडांची वाट दाखवतोय. चौदाव्यात व्हिलन खलास, आई हिरोला मिठी मारते, टाळ्या. मधे काय झालं असणार ते शेंबडं पोरही सांगेल. हिरोनं गॅरेजवाल्याचा हात मोडला आणि तो सरळ झाला.

आणि नेमकी त्याच दिवसांत माझी सायकल पंक्चर व्हायला लागली.

एकदा नाही, नऊ दिवसांत पाच वेळा. तीही रत्नकलाच्या दारात उभी असताना. रीळ उशिरा पोचलं की नवरंजनात दिवे लागायचे, पब्लिक शिट्ट्या मारायचं, खुर्च्या फाडायचं. रत्नकलाच्या मॅनेजर वेणीमाधवरावांनी मला ऑफिसात बोलावलं. ते कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यानंच जास्त घाम फुटायचा.

"सिद्धप्पा, आणखी एकदा उशीर झाला तर पेटी इथं ठेवायची आणि घरी जायचं."

घरी म्हणजे कुठं? गिरणीतलं काम मी मुकादमाच्या अंगावर धावून गेलो म्हणून सुटलं होतं. पेटी गेली तर सोलापुरात मला दारात उभं करणारं कुणी उरलं नव्हतं.

प्रत्येक वेळी पंक्चर काढायचा बिरप्पा. टॉकीजच्या भिंतीला लागून त्याचं सायकलचं दुकान. दुकान कसलं, एक पत्रा, पाण्याचं घमेलं आणि पितळी पंप. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे दाखवायचा आणि टायरमधून एक बारीक निळा खिळा उपसून माझ्या हातावर ठेवायचा. पाचही वेळा तोच निळा खिळा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंक्चर वाढली तर फायदा कुणाचा? हाच तो पान्हा!

आधी रीतसर चौकीवर गेलो. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

"म्हंजे हवा चोरीला गेली म्हन की."

"व्हय साहेब."

"हवेचं वर्णन सांग. रंग, उंची, अंगावर काही खूण?"

सगळी चौकी हसली. मी तसाच बाहेर आलो. हिरोलाही पोलीस असेच हसले होते, दुसऱ्या रिळात.

गुरुवारी अडीच वाजता, तिकिटाची रांग लागलेली असताना, मी बिरप्पासमोर जाऊन उभा राहिलो. मुद्दाम ऊन पाठीवर घेतलं, सावली त्याच्यावर पडावी म्हणून. हिरो तसंच करतो.

"बिरप्पा, ऊठ!"

"काय झालं रं सिद्धू? परत पंक्चर?"

मी पाच खिळे त्याच्या तोंडासमोर धरले. "हे काय हाय?"

"तेच सांगतुय की तुला. हे खिळे तुझ्या..."

"चूप! एक शब्द बोलायचा न्हाय!" अकराव्या रिळाच्या शेवटी हिरो गॅरेजवाल्याला अगदी हेच म्हणतो आणि रीळ संपतं. तिथून पुढचं माझं मी केलं. घमेलं लाथेनं उलटं केलं, पाणी रांगेतल्या लोकांच्या पायापर्यंत गेलं. सोल्यूशनच्या ट्यूबा भिरकावल्या. आणि त्याचा पितळी पंप उचलून टॉकीजमागच्या विहिरीत टाकला. बहात्तरच्या दुष्काळात आटलेली विहीर ती, पंप तळाच्या चिखलात धप्पकन पडला.

रांगेनं टाळ्या वाजवल्या! शिट्ट्या, "वाऽ पैलवान!", कुणीतरी टोपी उडवली. आयुष्यात माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती हो. छाती ही एवढी फुगली. बिरप्पा ओल्या जमिनीवरून चिमटे, कात्री, रबराचे तुकडे एकेक वेचत बसला. दाराशी भज्यांची कढई लावणारी चिमाबाई तेवढी म्हणाली, "लई शाना हायस. आता हवा कोन भरनार, तुझा हिरो?"

घरी गेलो. आई मिठी मारते का बघत जरा वेळ दारातच उभा राहिलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. माझी आई, कमलम्मा, भाकरी थापत होती, तिनं वरही बघितलं नाही.

"तुझ्या बापाला दम लागला तवा सायकलवर घालून दवाखान्यात कुनी न्हेलं हुतं रं?"

"बिरप्पानं," मी म्हणालो.

"मग जेव गप."

दुसऱ्या दिवशी बिरप्पाचा पत्रा रिकामा. म्हटलं, चला, टळली पीडा. अकरावं रीळ चालू झालं तसा मी बाहेर आलो, तर सायकल खाली बसलेली! मागचं चाक पार चपटं. टायरमध्ये निळा खिळा.

मी खिळा उपसून हातावर घेतला. बिरप्पा इथं नाही, मग हा खिळा आला कुठून? मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि चिमाबाईनं झारा माझ्यावर रोखला.

"उघड, उघड. असंच उघडतोस आन् सांडतात."

"काय सांडतात?"

"खिळं! रोज सकाळी त्या फळीवर पिच्चरचं फोटू ठोकतोस का न्हाई? मूठभर खिळं तोंडात धरतोस. रस्त्यानं कुनी गेलं की त्येला शिव्या घालतोस. निम्मं खिळं भुईवर. आन् त्याच फळीखाली सायकल लावतोस. मला वाटलं, तुला ठावं हाय."

मी खाली वाकून बघितलं. धुळीत निळे खिळे, दोन-चार नव्हे, पसाभर. वर फळीवर हिरो माझ्याकडं बोट रोखून उभा, चारी कोपऱ्यांना माझे खिळे. आग लागो माझ्या तोंडाला!

आत अकरावं चालू होतं. सात-आठ मिनिटांत ते सुटणार, नवरंजनात दिवे लागणार, आणि माझी पेटी जाणार. अर्ध्या नव्या पेठेत हवा भरायचा जवळचा पंप एकच, आणि तो मी विहिरीत टाकलेला. मी पळत सुटलो तो मागच्या बोळात बिरप्पाच्या दारात. तो उंबऱ्यावर बसून आपल्या सायकलची साखळी पुसत होता. मला बघून थांबला. मला माफी मागायची होती, पण सवय नव्हती.

"खिळे माझेच हुते," एवढंच निघालं.

"पेटी कुटाय?" तो म्हणाला.

"केबिनमधी. आता सुटंल. तुझी सायकल दे, मी..."

"तुझ्या हातात मी सायकल देनार? येडा हाय का मी!" त्यानं टांग टाकली. मी मागून धावलो. अकरावं खाली आलं, त्यानं पेटी बांधली आणि गर्दीतून, एकही शिवी न देता, नुसती घंटी वाजवत, दिसेनासा झाला.

मी दारात उभा. हात मोकळे, पाठीवर घाम. आत बारावं सुरू झालं होतं. मी पडदा सारून भिंतीला टेकलो.

हिरो गॅरेजवाल्याचा हात मोडतो. मोडल्यावर त्याला कळतं की भावाला वाचवायला पान्हा घेऊन धावलेला हाच माणूस होता. गॅरेजवाला ते सांगत असतो, पण हिरो त्याला बोलूच देत नाही. मग हिरो त्याच्या पायावर पडतो, आणि तो दुसऱ्या, चांगल्या हातानं त्याला उठवतो. एवढंच रीळ. थेटरात एक टाळी नाही, शिट्टी नाही. महिनाभर हे मी दिवसातून तीनदा कॅरेजवर बांधून हिंडवलं होतं. अंधारात मी ढसाढसा रडलो, सांगायला लाज कसली.

बिरप्पा चार मिनिटं आधी पोचला होता. वेणीमाधवरावांनी त्यालाच पेटी देऊ केली. तो म्हणाला, "मला पेटी नको साहेब, माझा पंप पायजे."

म्हणून शनिवारी, पुन्हा अडीच वाजता, कमरेला दोर बांधून मी विहिरीत उतरलो. काठावर तीच रांग जमली होती. गुडघाभर चिखलात चाचपडत पंप शोधला, डोक्यावर धरून वर आलो. कुणी टाळी वाजवली नाही. बिरप्पानं पंप धुतला, वायसरला तेल दिलं आणि पहिली हवा माझ्याच चाकात भरायला घेतली.

मला राहवलं नाही. "बिरप्पा, त्या दिवशी तू काय सांगत हुतास रं?"

तो पंप मारत राहिला. "तेच की, खिळे तुझ्या तोंडातनं पडत्यात म्हनून. त्याच्या आधीबी दोनदा सांगितलं हुतं. तू शिव्या देत हुतास."