पाचशेरीचा हर्रास

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी पाचशेरी आहे. पाचशेरी म्हणजे पाच शेरांचं वजन. शेर कायद्याने गेला आणि त्याच्या जागी किलो आला, म्हणून हे आधी सांगावं लागतं. काही वर्षांपूर्वी मला अशी ओळख करून द्यावी लागली नसती.

माझा जन्म नागपूरच्या एका ओतशाळेत झाला. वितळलेलं पितळ मातीच्या साच्यात ओतलं, निवल्यावर कानशीने घासलं, आणि मग एका चष्मेवाल्या साहेबाने मला सरकारी नमुन्याशी ताडून पाहिलं. मी किंचित जड भरले. त्याने दोनदा कानस फिरवली, पुन्हा तोललं, पुन्हा एकदा फिरवली. काटा स्थिर झाला तेव्हा त्याने माझ्या पाठीवर सरकारी ठसा मारला आणि ठशाखाली गावाचं नाव कोरून घेतलं. रेल्वेने जलंब, तिथून दुसऱ्या गाडीने खामगाव, आणि पुढे बैलगाडीने मी गावी आले. आमचं गाव मेहकरच्या रस्त्यावर आहे. त्याचं नाव सांगत नाही. जे झालं ते एका माणसाने केलं, गावाला त्याचा डाग कशाला?

दुकानातली वजनं माल तोलतात. मी आयुष्यात कधी माल तोलला नाही. मी वजनंच तोलायची. आठवडी बाजाराच्या दिवशी नगरपालिकेचे बाजार मोहरीर मला घेऊन दुकानादुकानांतून फिरत आणि प्रत्येकाची वजनं माझ्याशी ताडून पाहत. मोहरीर म्हणजे कारकून. त्यांचं नाव चिंतामणराव. अंगाने सडपातळ, बोलायला कमी. त्यांनी माझ्यासाठी सागवानी पेटी करवून घेतली होती आणि आत फलालीन घातलं होतं. उघड्या हाताने ते मला कधी शिवले नाहीत, नेहमी रुमालाने उचलत. एकदा शिपायाने मला चिंचेने घासायला घेतलं, तर ते धावत आले.

"अरे, चिंचेनं चकाकी येते, पण वजन झिजतं. ही चमकायला नाही आणली आपण."

त्यामुळे मी कधी चमकले नाही. पण बाजारात माझा मान होता. नगरपालिकेला आमच्याकडे लोक कमेटी म्हणत. एखाद्या दुकानी वाद झाला की बाया ओरडत, "थांब, कमेटीची पाचशेरी येऊ दे!" एका गूळवाल्याने आपल्या वजनाच्या पोटातलं शिसं काढून तिथे लाख भरली होती. मला समोरच्या पारड्यात ठेवताच त्याचं पारडं टुणकन वर गेलं. लोक हसले. तो मात्र घामाने भिजला. अशी एकवीस वर्षं गेली. मी कोणाच्या बाजूने बोलले नाही, कोणाच्या विरुद्धही नाही. मला ते येतच नव्हतं.

मग किलो आला. सहा कोनांची काळी लोखंडी वजनं आली. चिंतामणरावांनी बाजारात उभं राहून लोकांना समजावलं, भिंतीवर तक्ते लावले. जुनी वजनं वापरायची नाहीत, मोडीत द्यायची, असा हुकूम निघाला. माझी पेटी बंद झाली आणि कपाटाच्या तळाशी गेली. वर फाटक्या दप्तरांचा ढीग आला. वर्षभरात मला कोणी पाहिलं नाही. चिंतामणराव मात्र कधीतरी कपाट उघडत, पेटीवरची धूळ पुसत आणि कपाट पुन्हा लावून घेत.

नगरपालिकेची वस्तू कशी जाते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. ती एकदम फेकत नाहीत. आधी मोजदाद होते. मग निरुपयोगी वस्तूंची यादी होते, ती सभेपुढे जाते, सभा मंजुरी देते, फलकावर नोटीस लागते, गावात दवंडी पिटतात आणि मग हर्रास होतो. ज्याची बोली मोठी, त्याची वस्तू. १९६३ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमची यादी मंजूर झाली. तीन मोडक्या खुर्च्या, काच नसलेले अकरा कंदील, पाणगाडीची दोन चाकं, सात बादल्या आणि मी. माझ्या नावापुढे एक अट होती : जुनं वजन निकामी करूनच विकावं. ती अट चिंतामणरावांनीच आपल्या अक्षरात लिहिली होती. लिहून झाल्यावर त्यांनी बराच वेळ टाक खाली ठेवला नाही.

हर्रासाच्या सकाळी कचेरीच्या अंगणात माणसं जमली. बडेबाबू शेषराव खुर्चीवर बसले होते. हेडक्लार्कला आमच्याकडे बडेबाबू म्हणतात. पाणगाडीच्या चाकांसाठी कारभारी लोहार आपली ऐरण आणि हत्यारं घेऊनच आला होता. खामगावचा एक मोडवाला गोणपाट पसरून बसला होता. मिरची पिकवणारी चांगुणाबाई एका बादलीसाठी आली होती, आणि ती बादली घेऊन झाली तरी गंमत बघत थांबली. अर्जुनराव नावाचे व्यापारीही होते. शेतकऱ्यांकडून मिरची, तूर घ्यायची आणि खामगावच्या बाजारात विकायची, हा त्यांचा धंदा.

माझी पाळी आली. मोडवाल्याने मोडीच्या भावाने बोली लावली. अर्जुनरावांनी तिच्या जवळजवळ दुप्पट लावली.

"पन साबूत पाह्यजे," ते म्हणाले. "तोडफोड नको. दुकानात शोभेले ठेवतो. जुनी याद म्हनून."

शेषराव खुशीत आले. "चिंतामणराव, अट आहे खरी. पण पितळ तेच. चार पैसे जास्त येऊन राह्यले तर कमेटीचंच भलं आहे. राहू द्या ना साबूत."

मित्रांनो, खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. कोणाला मोडायचं असतं? आणि चिंतामणरावांच्या तोंडाकडे पाहून मला वाटलं, त्यांनाही तेच हवं आहे. त्यांच्या हातात यादी होती. त्यांनी अटीवर बोट ठेवलं होतं, पण ती अट ते वाचून दाखवत नव्हते.

इतक्यात चांगुणाबाईने शेजारी उभ्या असलेल्या अर्जुनरावांना सहज विचारलं, "भाऊ, हे पाचशेरी नव्या हिशेबात किती भरते जी?"

"चार किलो," अर्जुनराव तिच्याकडे न बघता म्हणाले. "मागच्या बाजारात तुले सांगतलं नव्हतं का? पाच शेर म्हंजे चार किलो."

चिंतामणरावांनी मान वर केली. "किती म्हणालात?"

"मोघम सांगतलं, बाबूजी," अर्जुनराव हसले. "बाईमानसाले ग्राम-बिराम काय समजते?"

"समजेल की. काटा आणा रे."

शिपायाने काटा आणला. आजवर मी दुसऱ्यांचं वजन तपासलं होतं, आज माझं होणार होतं. एका पारड्यात मी. दुसऱ्यात दोन-दोन किलोंची दोन काळी वजनं. माझं पारडं जमिनीला चिकटून राहिलं.

"हे तं हाललंच नाई," चांगुणाबाई म्हणाली आणि बादली खाली ठेवून पुढे आली.

अर्धा किलो टाकला. मी थोडी हलले. शंभर ग्राम टाकले, मी जमिनीवरून उठले. मग पन्नास, मग दहा, मग पाच. काटा मधोमध येऊन उभा राहिला.

"चार किलो सहाशे पासष्ट ग्राम," चिंतामणराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

चांगुणाबाई शाळेत गेलेली नव्हती, पण तिचं अर्धं आयुष्य बाजारात गेलं होतं. तिने बोटं मोजली नाहीत. ती सरळ अर्जुनरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमच्या गल्ल्याखाली जुनी पाचशेरी हाय. माह्या मिरच्या तुमी तिनंच मोजल्या. बारा येळा. पैशे देल्ले चार-चार किलोचे. मंग वरचे हे सहाशे ग्राम कुठी गेले?"

"हर्रासात मिरच्या कायले काढतं बाई?"

"आठ किलो होतात," चिंतामणराव म्हणाले. "जवळजवळ आठ किलो मिरची."

"आन् मले म्हनलं, वाळली म्हनून कमी भरली!" मागून कोणी बाई म्हणाली. तिच्यामागून आणखी एक पुढे आली. अर्जुनरावांनी टोपी सारखी केली. "मले नको तुमची पाचशेरी," म्हणून ते फाटकाबाहेर पडले.

मला तेव्हा कळलं, शोभा कशाची होणार होती. अर्जुनरावांच्या तोलाबद्दल लोक कुरकुरायला लागले होते. त्यांनी कमेटीच्या ठशाची पाचशेरी पुढे ठेवली असती, तर कोणी तोंड उघडलं नसतं. एकवीस वर्षांत मी जो विश्वास कमावला, त्याच विश्वासाने मी ह्या माणसांच्या मिरच्या चोरल्या असत्या. आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता.

शेषराव खाकरले. "लिहिल्याप्रमाणे करा, चिंतामणराव."

चिंतामणरावांनी मला पारड्यातून उचललं. रुमाल त्यांच्या खिशातच राहिला. त्यांनी मला कारभारीच्या ऐरणीवर ठेवलं आणि स्वतः धरून उभे राहिले. आधी छिन्नीने ठसा उडवला. मग करवत. पितळ कापायला वेळ लागतो. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. आवाज फार मोठा होता, एवढंच आठवतं. मग मी दोन झाले.

मोडवाल्याने तुकडे गोणपाटात टाकायला हात पुढे केला, पण चिंतामणरावांनी त्याला थांबवलं. ते गुडघ्यांवर बसले आणि कागदाच्या तुकड्याने ऐरणीभोवती पडलेला पितळी भुसा गोळा करू लागले. मातीतला एकेक कण त्यांनी वेचला.

"राहू द्या हो बाबूजी," मोडवाला म्हणाला. "चिमूटभर हाय."

"चिमूटभर असली तरी तुमची आहे. पैसे तुम्ही पुऱ्या वजनाचे देऊन राह्यले."

तुकडे आणि भुसा पारड्यात गेले. पुन्हा तेवढंच भरलं. चिंतामणरावांनी यादीत माझ्या नावापुढे 'विकली' असं लिहिलं आणि उभे राहिले.

पुढचं मला मोडवाल्याच्या बोलण्यातून कळलं, कारण तो दर बाजाराला आमच्या गावी जातो. चिंतामणरावांनी कागद पाठवले, बुलढाण्याहून वजनमापांचे निरीक्षक आले, अर्जुनरावांच्या गल्ल्याखालची पाचशेरी जप्त झाली, त्यांना दंड झाला. चांगुणाबाईला तिच्या आठ किलो मिरच्यांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. मिळाले असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण मी खोटं भरत नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. माझं काम संपलं होतं. काम संपलेल्या वस्तूला नीट निरोप द्यावा लागतो. ती कोणाच्या हाती चालली आहे, कशासाठी चालली आहे, हे पाहावं लागतं. चिंतामणरावांनी ते पाहिलं. तुम्हीही उद्या मोठे व्हाल, कुठल्या कचेरीत बसाल, तुमच्याही हाताखालून अशा याद्या जातील. तेव्हा शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा.

खामगावच्या ह्या भट्टीत आता कोळसे पेटले आहेत. माझा मोठा तुकडा आधी मुशीत जाईल. मोडवाला दारात बसून ओताऱ्याला कालच्या बाजाराची हकिगत सांगतो आहे. अर्जुनरावांच्या दुकानी रांग होती म्हणे, आणि चांगुणाबाई मिरचीचं पोतं मांडीशी धरून सगळ्यांत पुढे. अर्जुनराव नवी वजनं मांडू लागले, तर तिने पोत्याचं तोंड सोडलंच नाही.

"आधी काटा रिकामा दाखवा," ती म्हणाली. आणि तिच्यामागच्या बाईनेही तेच म्हटलं.