मासळीबाजारातली गुणाबाई

१९८७ साली भिवंडीच्या बाजारपेठेत प्रभाकर लेल्यांचा फोटो स्टुडिओ होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांनी कॅमेरा मुलीच्या, माधवीच्या हाती दिला होता. पासपोर्टचे फोटो, लग्न जमवायचे फोटो आणि मागे पडद्यावर रंगवलेले राजहंस. माधवीला त्या कामाचा वीट आला होता.

"काश्मीरला जायला मिळालं तर काही काढीन. इथे काय आहे काढण्यासारखं?" ती म्हणायची.

एकदा मासळीवाली गुणाबाई आली. तिचा मुलगा नामा मस्कतला वेल्डर होता. त्याने आईचा फोटो मागवला होता. नवं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून ती खुर्चीत बसली आणि श्वास रोखला, तो दिवा चमकेपर्यंत सोडलाच नाही.

दोन दिवसांनी फोटो हातात घेऊन तिने कपाळाला आठ्या घातल्या. "ही कोण बाई? ही मी न्हाय गो. ह्यो फोटू गेला तं पोरगा रडंल. म्हनंल, आय आजारी हाय."

प्रभाकर रागावले, पण माधवीला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कॅमेरा घेऊन मासळीबाजारात गेली. गुणाबाई हातात पापलेट नाचवत एका गिऱ्हाइकाशी भांडत होती.

"शिळा? आरं, ह्यो अजून तुज्याकडं बघतोय!"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती खदखदून हसली. माधवीने बटण दाबलं.

मग तिला घरी जाववेना. हातगाडीवरून सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जाडजूड रूळ ढकलणारे दोघं, चहाच्या दुकानात पालथे घातलेले ओले ग्लास, शिफ्ट सुटल्यावर एकमेकांच्या केसांतली कापसाची पिंज झटकणारे यंत्रमाग कामगार. अकरापर्यंत रोल संपला.

प्रभाकरांनी भिंग लावून गुणाबाईचा फोटो पाहिला. "तोंड उघडं, डोळे मिटलेले, हातात मासा! हा गिऱ्हाइकाला द्यायचा?"

गुणाबाईने मात्र फोटो छातीशी धरला. "ही हाय मी!"

दीड महिन्याने ती नामाचं पत्र घेऊन आली. माधवीने ते मोठ्याने वाचलं. 'आई, खोलीतले सगळे रोज सकाळी तुझ्याकडे बघून हसतात. फोटोवाल्या ताईंना सांग, आपल्या गावातलं जे दिसेल ते पाठवा. नाका, खाडी, काहीही.'

माधवीने त्या सकाळचे बाकीचे फोटो टेबलावर मांडले. प्रभाकर एकेक भिंगाखाली धरत गेले. पिंज झटकणाऱ्या कामगारांपाशी थांबले.

"हे तर मी तीस वर्षं रोज बघतोय," ते म्हणाले. "काढावंसं कधी वाटलंच नाही."

नामाच्या पाकिटात ते सगळे फोटो गेले. बातमी पसरली. पुढच्याच आठवड्यात जवळच्या राहनाळ गावची आक्का दारात उभी. तिचा नातू कुवेतला होता.

"माजा फोटू काढ. पन हसताना नको, म्हशीला शिव्या देताना काढ. पोराला मी तशीच ठावं हाय."

"आजच येते, आक्का," माधवी म्हणाली.

प्रभाकरांनी चष्मा पुसला, स्टुडिओला कुलूप लावलं आणि रोलची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. "बसमध्ये मला खिडकीची जागा हवी," ते म्हणाले. तिघंही राहनाळच्या बसकडे निघाले. म्हशीला कोणत्या शिव्या देते, ते आक्का वाटेतच सांगायला लागली होती.