न उडालेलं गाढव

मी गाढव बोलतोय. आधी हसून घ्या. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणणारे तुम्ही लोक. गाढव बोलतं हे तुम्हाला फक्त सिनेमात पटतं. मी सिनेमात होतो. तिथेही माझ्या जागी बोलला दुसराच.

वारझाझात या सिनेमावाल्यांच्या शहराच्या अलीकडे डोंगरात मातीच्या घरांचं आमचं गाव. मालक बासू, त्याची बायको हद्दा आणि त्यांची सहा वर्षांची लेक इत्तो. माझी आई मला जन्म देतानाच गेली. हद्दाने चिंधी बुडवून बुडवून बकरीचं दूध पाजलं आणि मला जगवलं. इत्तो रांगायला लागली ती माझ्या पायांमधून. मोठी झाल्यावर आपल्या वाटची अर्धी भाकर मला भरवायची आणि आईने विचारलं की खुशाल सांगायची, "मीच खाल्ली."

मी पांढराशुभ्र. आमच्याकडे असं गाढव क्वचितच जन्मतं, म्हणूनच लहसेन आमच्या दारात आला. सिनेमावाल्यांना उंट, शेळ्या, दाढीवाले म्हातारे, लागेल ते पुरवणं हा त्याचा धंदा.

"बासूभाऊ, नशीब उघडलं तुझं! जगभरची पोरं वाचतात त्या पुस्तकाचा सिनेमा आहे. पांढरं गाढव अनाथ पोरीला पाठीवर घेऊन फिरतं, दरीत पडतं आणि पंख फुटून वर येतं. शिवाय बोलतं!"

"आमचं नुसतं ओरडतं रे."

"बोलायला माणूस ठेवलाय. याने तोंड हलवायचं."

जायच्या आदल्या संध्याकाळी हद्दाने मेंदी भिजवली. आमच्याकडे नवरीला मेंदी लावतात, सणाच्या मेंढ्यालाही लावतात. मग आपलं लेकरू परक्यांच्या नजरेपुढे उभं राहणार, त्याला नको? तिने माझ्या कपाळावर तळहाताएवढी मेंदी थापली. "दृष्ट नको लागायला माझ्या राजाला," म्हणाली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सकाळी डाग लालभडक चढला होता. सिनेमाचा रंगवाला डोक्याला हात लावून बसला. साबणाने घासलं, मग पांढरी पावडर थापली, ती उन्हात घामाबरोबर उतरली. पुस्तकातल्या गाढवाचं कपाळ कोरं होतं आणि ते जगातल्या पोराटोरांना ठाऊक होतं.

सिनेमातलं एक गाढव म्हणजे एकच गाढव नसतं, हे मला तिथे कळलं. एक चेहऱ्याचं, एक चालायचं, एक पडायचं. चेहरा माझा घ्यायचं ठरलं होतं. डाग पाहिला आणि मला पडायचं केलं, कारण पडताना फक्त मागून दिसायचं होतं. हद्दाच्या मायेने माझं असं वाटोळं केलं.

आमच्याच गावामागच्या कड्याखाली त्यांनी जाळं बांधलं. जनावरांची काळजी घ्यायला नेमलेली बाई जेवायला गेली तेवढ्यात उरकून घेतलं. मला कड्याच्या टोकाला उभं केलं आणि पायाखालची फळी ओढली. जाळ्याने मला झेललं खरं, पण मागचा पाय दोरांमधून खाली गेला आणि कडकन मोडला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. सिनेमाचे मोठे साहेब म्हणाले, "झकास!"

घरी जुंपली.

"तुझी मेंदी नडली, बये! चेहरा होता त्याचा, चेहरा!"

"आणि फळी ओढली तेव्हा तू कुठे होतास? लहसेनबरोबर चहा ढोसत होतास ना?"

"हळू बोल. पोरगी ऐकेल."

पोरीला सांगितलं, वाटेत घसरला. पाय वाकडाच जुळला. मग ओझं बंद झालं आणि ओझ्याबरोबर चाराही आटला. "काम ना धाम, खातंय नुसतं," असं बासू माझ्या तोंडावर म्हणायचा. इत्तो मात्र भाकर आणायची.

वर्षाने गावच्या चौकात चादर टांगून तो सिनेमा दाखवला. सगळा गाव सिनेमातल्या गर्दीत उभा राहिला होता, त्यामुळे गोष्ट कुणी बघेना. "तो बघ माझा फेटा!" "अगं बाई, माझी पाठ!" मग गाढव दरीत पडलं. धुक्यातून दोन पंख वर आले, पाठीवर ती अनाथ पोर.

"आई, हा आपलाच ना?"

"हो गं, आपलाच," हद्दा म्हणाली.

"मग आता का नाही उडत?"

"पाय दुखतो ना त्याचा."

इत्तोने विचार केला. "उडायला पाय कशाला लागतात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव पेंगत असताना तिने मला सोडलं. मी लंगडत तिच्यामागे गेलो. कुठे नेते हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तोच कडा दिसला. जाळं केव्हाच गेलं होतं. ती दगडावरून माझ्या पाठीवर चढली.

"उड ना रे!"

मी पाय रोवले. तिने टाचा मारल्या, थपडा मारल्या, रडली. मग मानेवरून पुढे झुकली, दरीत बघायला, आणि घसरू लागली. मला बोलता येत असतं तर बोललो असतो. मी अंग वळवलं आणि तिला आतल्या बाजूला, दगडांवर फेकलं. जाणूनबुजून फेकलं. तिचं कोपर मोडलं.

किंकाळी ऐकून बासू आणि हद्दा धावत आले.

"बाबा, याने मला पाडलं! हा आपला नाहीच. आपला उडतो! हे कुणाचं तरी लंगडं आहे!"

मी हद्दाकडे पाहिलं. एका वाक्यात तिला सगळं सांगता आलं असतं. तिने पोरीला छातीशी धरलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "नसेल आपला."

काल बासूने मला खिंडीपलीकडे आणलं आणि मोकळं सोडलं. गळ्यातला दोर काढून घेतला. दोर अजून चांगला आहे. मी मागे निघालो तर त्याने दगड मारले. लंगड्यावर नेम धरायलाही वेळ लागत नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या गावाला गेलात, तर इत्तोला खरं सांगू नका एवढीच विनवणी. ती पाठीवर होती तेव्हा मी एक पाऊल पुढे टाकलं असतं, तर खाली पोचेपर्यंत तरी मी तिचा राहिलो असतो. नाही टाकलं. म्हणून ती जिवंत आहे आणि मी कुणाचाच नाही.