सतरा रेआलची गुलाबी चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी गुलाबी चिठ्ठी आहे. माझ्यावर एकच ओळ लिहिली आहे: "भाव सतरा रेआलवर उतरला की सगळे शेअर विका." पण या एका ओळीवर मी ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा शेअर बाजार गाजवला आहे बरं का!

दोना झुल्मीरा (तिकडे बाईला मानाने 'दोना' म्हणतात) लोकांच्या घरी जाऊन कपडे शिवायची. स्वतःच्या दुकानासाठी साठवलेले सगळे पैसे तिने गावच्या पोलाद कारखान्याच्या शेअरमध्ये घातले, वीस रेआलच्या भावाने. तिचा दलाल एवांद्रो म्हणाला, "किती तोटा सोसवेल ते आजच ठरवा. भाव पडायला लागला की डोकं ठिकाणावर राहत नाही." ती सतरा म्हणाली आणि माझा जन्म झाला. तिचा भाऊ जुरांदीर यानेही तेव्हाच माझ्यासारखी चिठ्ठी लिहवून घेतली.

मार्चमधल्या एका सकाळी भाव घसरू लागला. एकोणीस! अठरा! एवांद्रोने मला मुठीत घट्ट धरलं. तेवढ्यात जुरांदीरचा फोन आला.

"माझी चिठ्ठी फाड, ताईचीही फाड. अरे, आपल्या गावचा कारखाना तो! शेवटची शिट्टी वाजायच्या आधी मैदान सोडतं का कुणी?"

"तुझी फाडतो. तिची तिनेच सांगायला हवी."

माझी जुळी बहीण माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या टोपलीत गेली. मग झुल्मीरा फोनवर आली.

"सतराचं सोळा केलं तर रे?"

"मग सोळा आल्यावर पंधरा म्हणाल."

"मग राहू दे सतरा," ती म्हणाली.

आणि सतरा आलंच! मला उंच धरून एवांद्रो बाजाराच्या गर्दीत घसा फाटेस्तोवर "विकतो! विकतो!" ओरडला. गिऱ्हाईक मिळेपर्यंत भाव आणखी उतरला आणि सौदा साडेसोळाला झाला. मी काही जादूगार नाही. दुसऱ्या दिवशी भाव पुन्हा अठरावर चढला, तेव्हा जुरांदीरने "भित्री भागूबाई" म्हणून बहिणीची गावभर टर उडवली. मला फार लाज वाटली. पण महिन्याभरात भाव चार रेआलवर आला.

झुल्मीराचं दुकान निघालं, ठरवलं होतं त्यापेक्षा लहान. जुरांदीर आता तिथे गुंड्या लावतो.

"एवांद्रोने फाडण्याआधी मला पुन्हा विचारायला हवं होतं," तो परवा म्हणाला.

"विचारलं असतं तर?"

त्याने दोरा दातांनी तोडला. "तरी फाडच म्हटलं असतं, ताई."

म्हणून सांगते मित्रांनो, माझ्यावरचा आकडा शांत डोक्याने लिहा. आणि भाव कोसळू लागला, की तुमचा हात माझ्यापासून लांब ठेवा.