पाटकऱ्याची दुसरी

एका मानसाला दोन सायकली कशाला लागत्यात, असं मला अख्ख्या गावानं इचारून झालंय. इचारनाऱ्यांतला एक बी रोज अठरा मैल सायकल मारीत न्हवता. बसल्या जागी तंबाखू मळत इचारायला काय जातंय?

मी पाटकरी. पाटाच्या कडंनं हिंडायचं, ज्याची पान्याची पाळी आसंल त्याच्या चारीचं दार उघडायचं, येळ झाली की बंद करायचं, आन दोन्ही येळंला शिव्या खायच्या. उघडलं तर खालचा शिव्या देतो, बंद केलं तर वरचा. त्यात बहात्तर सालचा दुस्काळ. पानी पाटाच्या तळाला गेलेलं आन मानसं एकमेकांवर फावडी उगारायला लागलेली. सरकारनं मला दारांची चावी दिली, एक वही दिली, खाकी टोपी दिली. सायकल मातर माझी मला.

ती सायकल सासऱ्यानं लगनात दिलेली. अकरा वर्सांमागं मांडवातनं दोघी एकदमच घरी आल्या, मालन आन सायकल. पाटाच्या कडंला दोन्ही अंगानं बाभळी. पाच मैलांत एक काटा ठरलेला. ट्यूबला ठिगळं इतकी झाली हुती की मूळची ट्यूब कुठली आन ठिगळ कुठलं, ते शोधावं लागायचं.

माझं नाव कारभारी. आमच्याकडं समद्या बाया नवऱ्याला कारभारी म्हनत्यात. पन नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई, म्हनून मालनला तेवढं बी म्हनायची सोय ऱ्हायली न्हाई. "आवं" म्हनती, बास. तिला मूलबाळ न्हाई. माझी थोरली बहीन बनुबाई दर सनाला यायची आन ओट्यावर बसून मोठ्यानं म्हनायची, "कारभारी, दुसरी कर बाबा. वंस बुडवतो का?" मालन तवा आत चुलीपुढं भाकरी थापीत आसायची. तिला ऐकू जातंय हे बनुबाईला ठावं हुतं आन मला बी ठावं हुतं. माझ्या मनात दुसरी बायको करायचं कवाच न्हवतं. ते माझं मला पक्कं ठावं हुतं, म्हनून मी निवांत हुतो.

तर सायकलीचं सांगतो. आखाडात एका सकाळी शेवटच्या चारीकडं निघालो आन मधीच चेन तुटली. नुसती तुटली न्हाई, चाकात गुतली आन चाकाचे सहा आरे घिऊन गेली. चार मैल सायकल खांद्यावर टाकून चाललो. पोचलो तवर त्या चारीवरच्या श्रीमंत नावाच्या शेतकऱ्याची पाळी निघून गेलेली. त्याचा कडवळाचा तुकडा वाळत हुता, दावनीला चार जनावरं हुती. त्यानं मला शिव्या दिल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं. तो बांधावर बसला आन नुसता माझ्याकडं बघत ऱ्हायला. वर साहेबानं लेखी खुलासा मागितला. म्या लिहिलं, सायकल एकच हाय.

शुक्कीरवारी बेलापूरला भिमाजीच्या दुकानात सायकल टाकली. भिमाजी वीस वर्सं सायकली दुरुस्त करतो आन तेवढीच वर्सं शानपना शिकवतो.

"दुसरी घ्यावी म्हनतो," मी बोललो.

"कारभारी, तुझं बूड एक. त्याला दोन शिटा कशाला? हिलाच नवी चेन टाकतो."

"चेन टाकशील, मंग फ्रीव्हील जाईल. फ्रीव्हील टाकशील, मंग आजून काय जाईल. एक बैल बसला तर शेतकरी शेजाऱ्याचा मागून आनतो. मी काय करू, सोताच्या मानंवर जू घिऊ?"

"मंग हिला मोडीत दे."

मला राग आला. दिसभराचा शिनवटा, त्यात ह्याचं हे. मी आवाज चढवून म्हनालो, "मोडीत न्हाई द्यायची. अकरा वर्सं काढली तिनं माझ्यासंगं. आता दमली, तिच्या भरवशावर माझे दिस निघत न्हाईत. ऐतवारी दुसरी आनतो. पन हिला सोडायची न्हाई. ऱ्हाईल एका कोपऱ्यात. तिच्या बापाला काय तोंड दावू?"

तिचा बाप म्हंजे मालनचा बाप. सासऱ्याची सायकल म्हनून मी तसं म्हनायचो.

भिमाजीच्या दुकानाला लागून पिठाची गिरनी. गिरनीच्या पायरीवर आमच्या गल्लीतली छबूबाई दळनाचा डबा घिऊन बसलेली. गिरनीच्या घरघरीत तिला आधीचं काय बी ऐकू गेलं न्हवतं. नेमका पट्टा उतरला, गिरनी बंद पडली, आन माझं 'अकरा वर्सं काढली' पासनं पुढचं बोलनं शबुद न शबुद तिच्या कानात पडलं. छबूबाईच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. दळन घिऊन ती आपल्या घरी जायच्या आधी मालनकडं गेली. हे समदं मला दोन दिसांनी कळलं.

त्या सांजंला तीच सायकल कशीबशी जोडून घिऊन घरी आलो तर मालन नेहमीसारखीच. भाकरी वाढली, कालवन वाढलं, तांब्या भरून ठेवला. जरा गप हुती. पन मी तरी कुठं बोलका हुतो? पाय इतके भरून यायचे की समोर ताट आलं की मला दुसरं काय दिसायचं न्हाई.

ऐतवारी सकाळी मी निघालो. ती अंगन झाडीत हुती.

"सिरामपूरला जातो," म्हनालो. "सांजंच्या आत येतो. येताना एकला यायचो न्हाई, बघ."

मस्करी केली. घरात नवी वस्तू यायची हुती, तिला जरा कोड्यात टाकावं म्हनलं. तिचा केरसुनीचा हात थांबला.

"जेवायला काय करू?"

"गोड कर कायतरी."

"बरं," ती म्हनाली. मंग आत जाऊन धुतलेला सदरा घिऊन आली. "आवं, हा घाला. अंगावरच्याची बाही उसवलीय."

आजून ते आठवलं की माझी मला लाज वाटती. म्या तो सदरा घातला आन शीळ घालत यष्टीला गेलो.

सिरामपुरात ठेसनामागं एका म्हाताऱ्या वाचमनची सायकल इकायला हुती. गुडघे गेल्यामुळं त्यानं सोडलेली. हिरवा रंग, जाड टायर, करेर भक्कम. रेल्वेच्या भिंतीपातूर चालवून बघितली. घेतली आन तिच्यावरच घरी निघालो. लई दिसांनी पायडल मारताना कुरकुर ऐकू येत न्हवती. श्रीमंतच्या पाळीला आता येळंवर जाता येईल, एवढंच डोक्यात हुतं.

घरी पोचलो तवा ऊन उतरलं हुतं. अंगन सारवलेलं. दारात मालन उभी, हातात तबक. तबकात हळदकुंकू, निरांजन, नारळ, खन. मला वाटलं, भिमाजीनं हिला सांगितलेलं दिसतंय. नवी सायकल आली की ओवाळायची आमच्यात रीतच हाय. मी ऐटीत सायकल तिच्यापुढं उभी केली.

ती सायकलीकडं बघतच न्हवती. माझ्या पाठीमागं रस्त्याच्या वळनाकडं बघत हुती.

"मागनं येती का?" तिनं इचारलं.

"कोन?"

"पायी येती का? पुढं जाऊन तिला घिऊन या. नव्या बाईला असं वाटंत सोडू ने."

मला आजून उमजंना. मंग माझी नजर उंबऱ्यावर गेली. उंबऱ्यावर माप ठेवलं हुतं, गव्हानं काठोकाठ भरलेलं. सायकलीला कुनी माप ठेवीत न्हाई. माप नव्या नवरीनं पायानं लवंडून आत यायचं आसतं. त्या साली आमच्या घरात तेवढाच गहू हुता. बाकी समदी सरकारी मिलू, रेशनवरची लाल परदेशी जवारी.

"मालन," म्हनालो, "ही. दुसरी म्हंजे ही." आन शिटावर हात ठेवला.

मंग छबूबाईचं नाव निघालं, गिरनी निघाली. खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. मोठ्यानं हासलो. वाटलं ती बी हासंल आन झालं गेलं गंगेला मिळंल. तिनं हँडलला कुंकू लावलं, खन बांधला, निरांजन ओवाळलं. मंग तबक खाली ठेवून उंबऱ्याशी बसली.

"येडी का काय तू? मी असं करीन वाटलं तुला?"

"बनुबाईस्नी तुमी कवा न्हाई म्हनला?"

"पन केली का मी दुसरी?"

"केली न्हाई. पन न्हाई बी म्हनला न्हाई. त्या बोलल्या की तुमी म्हनता, बघू. अकरा वर्सं मी ते 'बघू' ऐकती."

खरं हुतं. दमून आल्यावर बहिनीसंगं वाद नको म्हनून मी बघू म्हनायचो. म्हनलं की ती गप व्हायची आन मला च्या निवांत पिता यायचा. आत चुलीपुढं ते कसं ऐकू जात आसंल, ह्याचा म्या कवा इचार केला न्हाई.

तशीच सायकलीवर टांग टाकली. बनुबाईचं गाव चार मैल. तिच्या दारात गेलो, खाली उतरलो बी न्हाई, एक पाय भुईवर टेकून सांगितलं, "बनुबाई, मी दुसरी करनार न्हाई. हितनं पुढं माझ्या दारात ही गोष्ट काढायची न्हाई." ती च्या टाकायला उठली. मी नको म्हनालो आन माघारी फिरलो. चार मैल जायचं, चार मैल यायचं, आन बोलायचं एवढंच. ते अकरा वर्सांमागं बोलायला पायजे हुतं.

दिवेलागनीला घरी आलो. सायकल लावायला मागच्या छपरात गेलो तर तितं जुन्या सायकलीच्या बाजूला मालनचं अंथरून. तिची पत्र्याची पेटी, तिचा तांब्या, फनी, समदं नीट मांडून ठेवलेलं. घरातला तिचा कोपरा तिनं येनारीसाठी मोकळा केला हुता.

आत आलो. तिनं ताट वाढलं, ताटात शेवयाची खीर हुती.

"बनुबाईला न्हाई म्हनून आलो," मी बोललो.

"बरं झालं."

हात धुतला आन तिचं अंथरून आत आनायला निघालो. तिनं मला थांबवलं.

"आवं, ऱ्हाऊ द्या," ती म्हनाली. "दुपारी समदं आवरून झाल्यावर तितं जरा पडले. वाटलं, जी यायची ती आली आता, आजून वाट बघायची ऱ्हायली न्हाई. आन डोळा लागला. लगनापासनं मला अशी झोप लागली न्हवती. चार दिस तितंच निजू द्या मला."