सहा नंबरची खुर्ची

कोलबर्न नावाच्या बेसबॉलच्या मैदानात वेंडेल प्रूइट अंपायरवर ओरडला की नदीपलीकडच्या गाई पान्हा चोरायच्या. एकदा ओरडता ओरडता त्याची कवळी सुटली, ती थेट चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या पायाशी जाऊन पडली. पिचरनं घाईत चेंडू समजून तीच फेकली आणि अंपायरनं स्ट्राइक दिली, म्हणजे बॅटवाल्याचा चेंडू हुकला असं धरलं. बॅटवाला पुष्कळ भांडला, पण दिलेला निकाल काही फिरला नाही. कवळी परत आली तेव्हा पुढचे दोन दात नव्हते. खोटं वाटत असेल त्यानं प्रूइट तोंड उघडेपर्यंत थांबावं. फार वेळ लागत नाही.

असल्या माणसाशेजारी ऑगी हुदाकनं अर्धं आयुष्य काढलं. तिसऱ्या बेसमागे एकाच रांगेत पाच नंबरवर प्रूइट, सहावर ऑगी, सातवर ऑगीची बायको थेल्मा. आठ नंबरसमोर छपराचा खांब यायचा, म्हणून ती खुर्ची कुणी घ्यायचं नाही. तिच्यावर थेल्माची पर्स बसायची.

प्रूइट शेंगांची टरफलं चहूकडे उडवायचा. थेल्मा ती वेचून ऑगीच्या हातात द्यायची, ऑगी ती गुपचूप प्रूइटच्या टोपीत घालायचा.

"ऑगी, सांग त्याला, हे मैदान आहे, गोठा नव्हे."

"ऑगी, सांग तिला, गोठ्यात जरा शांतता तरी असते."

मधे ऑगी होता म्हणून दोघं जिवंत राहिली. ऑगी स्वतः काही बोलायचा नाही. पोलादाच्या भट्टीवर जन्म गेलेला. निम्मं त्याला ऐकू यायचं नाही आणि निम्मं तो ऐकायचा नाही. एकदा हवेत उडालेला चेंडू वरून आला तो नेमका त्याच्या बिअरच्या ग्लासात. ऑगीनं आधी बिअर संपवली, मग चेंडू काढला. त्याचं भांडण काय ते बायकोशी, तेही कोपरानं. दोघांच्या खुर्च्यांमधे एकच लोखंडी हात होता. तो कुणाचा, यावरून पहिल्या इनिंगपासून शेवटपर्यंत कोपरं एकमेकांना ढकलत राहायची. सामना कुणीही जिंको, हे भांडण बरोबरीत सुटायचं.

मग ऑगी गेला. त्याला चार उन्हाळे झाले. त्यानंतर थेल्मानं मैदानाचं तोंड पाहिलं नाही. सहा नंबरवर कुणीतरी तिसराच माणूस मोहरीचा सॉस सांडत बसलेला दिसेल, ही तिला धास्ती.

यंदा आमचा हॅमर्स संघ दक्षिणेतल्या कुठल्याशा शहराला विकला गेला, आणि मैदान पाडायचं ठरलं. पाडण्याआधी सगळं विकायला काढलं. कॅचरचा जाळीचा मुखवटा न्हाव्यानं नेला, चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाला बांधायला. धावफलकावरचे आकडे पाद्रीबाबांनी नेले, चर्चमधे गाण्यांचे नंबर लावायला. शून्याच्या पाट्याच जास्त निघाल्या, त्यामुळे आता दर रविवारी शंभरावं नाहीतर दोनशेवं गाणं म्हणावं लागतं. बॅटा, ग्लोव्ह, बेसच्या गाद्या, दुरून आलेले शौकीन हातोहात घेऊन गेले.

थेल्मानं फोन केला. "तिसऱ्या बेसमागची सात नंबर मला ठेवा."

"खुर्च्या जोडीनंच मिळतात, मावशी," पलीकडून मैदान पाडणारा मुकादम डॅरिल म्हणाला. "दोन खुर्च्यांमधे पाय एकच. एकटी खुर्ची उभी राहत नाही."

"मला जोडीच हवीय," थेल्मा म्हणाली आणि फोन ठेवला. साताची जोडी म्हणजे सहा. यात विचारायचं काय?

पण डॅरिल रांगेच्या टोकापासून मोजणारा माणूस. एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात-आठ. थेल्मा घ्यायला गेली तेव्हा तिच्यासमोर सात आणि आठ ठेवलेल्या होत्या. ती डाव्या बाजूला बघत राहिली. तिथं नुसतं गवत होतं.

"सहा कुठाय?"

"ती काय, गाडीत चढवतायत."

पिकअपच्या मागे प्रूइट दोर आवळत होता. पाच आणि सहा उताण्या पडल्या होत्या. थेल्मा तरातरा गेली.

"प्रूइट, माझ्या नवऱ्याची खुर्ची खाली काढा."

"हुदाकबाई! आहात होय अजून?" तो म्हणाला. "पाच माझी. पाच घेतली की सहा येतेच. मी काही मागून घेतली नाही."

"मग सहा मला द्या आणि माझी आठ न्या."

"आठ? तिच्यासमोर खांब आहे!"

"खांब पाडणार आहेत अहो उद्या!"

"मला तो दिसत राहील," प्रूइट म्हणाला.

डॅरिल मधे पडला. "मावशी, तसंही जमायचं नाही. पाच आणि सहाच्या मधला पाय दोघींना एकच. सहा काढून दिली की यांची पाच एका पायावर. बसले की आडवे."

"होऊ देत की! कधी उभे होते?"

"सांग तिला..." प्रूइट सवयीनं म्हणून गेला, आणि बाजूला सांगायला कुणी नाही हे लक्षात येऊन त्यानं दोराची गाठ उगीचच पुन्हा सोडून बांधली. मग गाडीत बसला आणि निघून गेला.

थेल्मानं आपली जोडी घरापुढच्या ओट्यावर ठेवून घेतली. संध्याकाळी कॉफी घेऊन सातवर बसली. फळ्या ओळखीच्या होत्या, पण डावीकडे कोपर टेकलं आणि तिनं लगेच उचललं. सहा आणि सातमधला तो लोखंडी हात पायासकट प्रूइटच्या जोडीबरोबर गेला होता. तिच्या खुर्चीला डॅरिलनं दुसऱ्याच रांगेतला आणून जोडला होता. गुळगुळीत, रंगसुद्धा न उडालेला. उजवीकडे रिकामी आठ. पण तिची रिकामी बाजू डावी होती, आणि तिथं बसायला जागाच नव्हती. रस्त्यावरून शेजारीण हात करून गेली. थेल्मानंही केला. कॉफी निवली.

असे काही दिवस गेले. ती जेवण उभ्यानंच करायची, ओट्यावर यायची, डावीकडे बघायची आणि आत जायची. मग एका दुपारी तिनं बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पिरोगी तळल्या, एका ताटलीत भरल्या, वर फडकं घातलं. आणि पर्समधे ऑगीची लोखंड कापायची करवत घातली. खुर्ची नाही तर नाही. निदान तो हात तरी ती आणणार होती. प्रूइट एकदा खायला बसला की त्याला भूकंपही कळायचा नाही.

प्रूइटची बायको फार वर्षांपूर्वी फ्लोरिडाला बहिणीची शुश्रूषा करायला गेली होती. बहीण केव्हाच वारली, बायकोची शुश्रूषा अजून चालूच आहे. घराला फाटक होतं, ते कुणी उघडत नसल्यानं गंजलं होतं. थेल्मा आत शिरली तेव्हा मागच्या अंगणातून रेडिओ ऐकू आला. संघ गेला तरी सामने रेडिओवर यायचे. मैदानात ती दुरून ओळखायची तो प्रूइटचा आवाज आता इतका हळू बोलत होता की तिला कोपऱ्याशी थांबून कान द्यावा लागला.

"बघितलंस, ऑगी? मी म्हटलं नव्हतं, हा पोरगा आत येणाऱ्या चेंडूला बिचकतो?" जरा थांबून, "बरं बाबा, तुझंच खरं."

प्रूइट पाच नंबरवर बसला होता. सहा नंबर झाडून पुसून ठेवलेली. आसपास एक टरफल नव्हतं. सगळी त्यानं आपल्याच टोपीत जमवली होती.

"जिवंत होता तोवर त्याला एक शब्द बोलू दिला नाहीत," थेल्मा म्हणाली. "आता उत्तरं कोण देतंय?"

प्रूइट दचकून उठला. "हुदाकबाई! ताटलीत काय?"

"पिरोगी."

"आणि पर्समधून डोकावतंय ते?"

"करवत."

"कुणासाठी?"

"वेळ येईल तसं."

त्यानं ताटली घेतली, पण फडकं उचललं नाही. हे थेल्मानं कधी पाहिलं नव्हतं.

"चार वर्षं तुम्ही फिरकला नाहीत," तो म्हणाला. "मी दोन तिकिटं काढायचो. सामन्याला गर्दी झाली की कुणीतरी येऊन विचारायचंच, रिकामी आहे का? मी सांगायचो, नाही, माणूस शेंगदाणे आणायला गेलाय."

"चार वर्षं?"

"शेंगदाण्यांची रांग बघितलीत ना कधी तुम्ही."

थेल्माला हसू आलं, आणि हसू अर्ध्यावर असतानाच राग आला. चार उन्हाळे ती घरात दारं लावून बसली होती, का, तर ऑगीच्या जागी दुसरं कुणी बघवणार नाही म्हणून. आणि तिथं कुणीच बसलेलं नव्हतं. ती गेली असती तर तिची सात नंबरही तिला मिळाली असती, उरलेला प्रत्येक सामना मिळाला असता. ते सगळे उन्हाळे ऑगीबरोबर या माणसानं काढले होते, ह्या टरफल्यानं.

"मला सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार? तुमच्याशी मी थेट कधी बोललोय?"

ते खरंच होतं. रेडिओवर कुणीतरी होम रन मारला. त्या परक्या शहरातले लोक ओरडले.

"बसा ना," प्रूइट म्हणाला.

"कुठे? ती त्याची आहे."

प्रूइटनं मान हलवली. तो तरी कुठे त्या खुर्चीवर कधी बसला होता. थेल्मा पूर्ण एक इनिंग उभी राहिली. मग वाकून तिनं तो लोखंडी हात पाहिला. रंग उडालेला, दोन कोपरांनी दोन्हीकडून घासलेला. करवत चालवायची तर इथूनच. तिनं बोट फिरवलं. खाली स्क्रूची भोकं होती, सात नंबर जिथं अडकायची तिथली, रिकामी.

ओट्याची रुंदी तिला पाठ होती. चार खुर्च्या तिथं मावल्या नसत्या.

"पाना आहे तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

प्रूइट काय ते समजला. "आहे. पण ती खांबासमोरची आठ माझ्या अंगणात नको."

"मग माझी पर्स कुठे बसणार?"

दुसऱ्या दिवशी तो पिकअप घेऊन आला आणि तिची जोडी आपल्या अंगणात घेऊन गेला. डॅरिलनं जोडलेला परका पाय त्यांनी काढून टाकला, आणि गंजलेले स्क्रू जुन्या भोकांत बिनबोभाट गेले. दोघं बसली, आपापल्या जागी. मधे ऑगी नव्हता, पण नसायला आता त्याला जागा होती. थेल्मानं लोखंडी हातावर कोपर टेकलं. कुणी ढकललं नाही. ढकलायला कुणी नसलं की तो हात किती रुंद होता, हे तिला त्या दिवशी कळलं.

पाच-सहा इनिंग दोघं गप्प होती. नवरा-बायको असती तर लोक म्हणाले असते, भांडलीत. एकदा प्रूइट म्हणाला, "ऑगी, तिला विचार, कॉफी..." आणि थांबला.

"घेईन," थेल्मा म्हणाली, समोर बघत.

संघ हरला. तेवढं एक जुन्यासारखं झालं. प्रूइटनं रेडिओ बंद केला तशी अंगणात एवढी शांतता झाली की थेल्माला पर्सची चेन लावायची लाज वाटली.

"उद्या सामना दुपारी आहे," तो खुर्चीतूनच म्हणाला.

"उद्या मला दवाखान्यात जायचंय."

"मग परवा."

"बघू."

ती निघाली. घरी ओटा पुन्हा मोकळा झाला होता. तिथं काय ठेवायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. ऑगीशेजारी बसायचं तर आता दुसऱ्याच्या घरी यावं लागणार, तेही ज्याच्याकडे मेल्यानंतरसुद्धा आपण पाऊल टाकणार नाही असं तिनं आयुष्यभर ऑगीला बजावलं होतं, त्याच्या घरी. फाटकाबाहेर येऊन ती कडी लावायला वळली.

"राहू द्या ती कडी!" मागून प्रूइट ओरडला. मैदानातल्यासारखा, मैदान सुटल्यापासून पहिल्यांदाच.

थेल्मानं कडी सोडली. फाटक हळूहळू आपोआप उघडत गेलं. ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली. बस यायला अजून वेळ होता, आणि थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं.